अपघात जूनमधला, मृत्यू जुलैमधला, मग कायदा कोणता? (घटनेचं कलम २०(१))

आडगावकर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. कायदा जाणणाऱ्यांनी जरा मदत करावी म्हणून हा धागा काढतोय.

माझ्या चुलतभावाचा मुलगा २८ जून २०२४ च्या रात्री आडगावजवळ महामार्गावरून मोटारसायकलने घरी येत होता. मागून पिकअपने उडवलं. तो आयसीयूत होता, ३ जुलैला गेला. पोलिसांनी आधी भादंवि (जुनं भारतीय दंड विधान) २७९ (बेदरकार गाडी चालवणं) आणि ३३८ (त्यातून गंभीर दुखापत) लावली होती, तो गेल्यावर ३०४ अ (निष्काळजीपणाने मृत्यू) वाढवलं.

मधल्या मध्ये १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या ३०४ अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं, नव्या १०६(१) मध्ये पाच. आम्ही सरकारी वकिलांना म्हटलं, साहेब, पोरगं जुलैत गेलं, मग नवं कलम लावा ना. ते म्हणाले, घटनेच्या कलम २० मुळे ते होणार नाही, आणि पुढच्या केसकडे वळले.

दोन वर्षं कमी पडतात हे संसदेलाच पटलं म्हणून तिने पाच केली. मग ते आमच्या पोराच्या बाबतीत का नाही? घटना आरोपीसाठी आहे की आमच्यासाठीसुद्धा? राग आलाय म्हणून विचारतोय, पण उत्तर खरंच हवंय.

गोदामाई

वाचून फार वाईट वाटलं दादा. घरच्यांना धीर द्या. कायद्यातलं कळत नाही, पण धागा वाचतेय.

सिन्नरी

माझ्या मते नवं कलम लागायला हवं. माणूस मेला तेव्हा ३०४ अ अस्तित्वातच नव्हतं. रद्द झालेल्या कायद्याने शिक्षा कशी देणार? उद्या आरोपीचा वकील हेच म्हणून त्याला सोडवायचा.

विधीवाचक

आडगावकर दादा, तुमच्या दुःखात सहभागी आहे. नाशिकच्या कोर्टातच प्रॅक्टिस करतो, १ जुलैनंतर हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सिन्नरी, आधी तुमची शंका. जुना कायदा रद्द झाला म्हणजे त्याखाली आधीच घडलेले गुन्हे पुसले जात नाहीत. न्याय संहितेच्या शेवटच्या, ३५८ व्या कलमात तशी स्पष्ट तरतूद आहे आणि १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम ६ तेच सांगतं. त्यामुळे ३० जूनच्या मध्यरात्रीपर्यंतचे सगळे गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात. आरोपी त्या फटीतून निसटत नाही.

आता घटना. कलम २०(१) मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, कृत्य करताना जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच कुणालाही दोषी ठरवता येतं. दोन, गुन्हा घडताना जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून जास्त नंतर देता येत नाही. तुमच्या केसमध्ये दुसरी गोष्ट आडवी येते. पिकअपवाल्याने २८ जूनला गाडी बेदरकार चालवली. त्या रात्री या कृत्याला दोन वर्षांची मर्यादा होती. संसदेने ती नंतर पाचवर नेली, पण ती त्या रात्रीपर्यंत मागे नेण्याचा अधिकार संसदेलाही नाही. साधा कायदा असता तर संसदेने दुसऱ्या कायद्याने बाजूला सारला असता. हे मूलभूत हक्कांच्या भागात आहे, म्हणून सारता येत नाही.

आणि हे कलम तुमच्यासाठीही आहे. उद्या सरकारने कायदा केला की मागच्या वर्षी अमुक मोर्चात जे चालले ते सगळे गुन्हेगार, तर तुम्हाला आणि मला याच एका वाक्याचा आधार आहे.

लॉ_थर्ड_इयर

विधीवाचक सर, एक मुद्दा राहतोय. २०(१) च्या पहिल्या भागात 'कृत्य करतेवेळी' आहे, दुसऱ्यात 'अपराध करतेवेळी'. ३०४ अ चा अपराध मृत्यूशिवाय पूर्णच होत नाही. मृत्यू ३ जुलैचा. मग शिक्षेपुरता तरी अपराध जुलैत झाला असं म्हणायला जागा नाही का? सरकारी वकिलांनी हा युक्तिवाद करून तरी बघायला हवा होता.

सिन्नरी

बघा! मी तेच म्हणत होतो.

विधीवाचक

@लॉ_थर्ड_इयर, युक्तिवाद सुचला याचं कौतुक. पण मी न्यायाधीशाच्या जागी असतो तर मान्य केला नसता.

आरोपीच्या हातात जे होतं ते २८ जूनला संपलं. स्टिअरिंग, ब्रेक, वेग, सगळं त्या रात्रीचं. त्यानंतर मुलगा कधी जाणार, हे डॉक्टर, रक्तपेढी आणि नशीब यांवर होतं. मृत्यू २९ ला झाला तर दोन वर्षं आणि ३ ला झाला तर पाच, म्हणजे शिक्षा आरोपीने केलेल्या गोष्टीवर न ठरता त्याने न केलेल्या गोष्टीवर ठरेल. २०(१) चा गाभाच हा आहे की कृत्य करताना माणसाला त्याचा परिणाम काय हे कळण्याची सोय हवी. शिवाय दंडविषयक कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा, ही आपल्या कोर्टांची रुळलेली वाट आहे.

निवृत्त_हवालदार

ठाण्यातलं सांगतो. कलम लावताना आम्ही आधी घटनेची तारीख आणि वेळ बघायचो. फिर्याद कधी आली ते नंतर. १ जुलैनंतर आलेल्या जुन्या फिर्यादींना कलमं भादंविची आणि तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, असा प्रकार सगळीकडे झाला. तरुण पोरं गोंधळली, पण हळूहळू बसलं.

द्राक्षबाग

मग ३० जूनला रात्री ११:५९ ला चोरी सुरू केली आणि १२:०५ ला कुलूप तुटलं तर? :)

निवृत्त_हवालदार

@द्राक्षबाग, तर दोन्ही कायद्यांचं पुस्तक घेऊन बसावं लागेल आणि रायटर सुट्टीवर जाईल. :)

मनमाड_जंक्शन

याच १०६ कलमाचा दुसरा भाग आठवतोय का कुणाला? अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षं. २०२४ च्या १ आणि २ जानेवारीला ट्रक-टँकरवाल्यांनी त्याविरुद्ध काम बंद केलं. आमच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात आणि जिल्हाभर पेट्रोल पंपांवर रांगा. आमच्या गल्लीत एक लग्न त्या रांगेत ठरलं म्हणतात.

फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत १ जुलै ही तारीख जाहीर झाली, पण त्यातून १०६(२) वगळलं गेलं. म्हणजे संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली, पुस्तकात छापलं गेलं, तरी अमलात नाही. विधीवाचक, अशा कलमाखाली कुणाला शिक्षा होऊ शकते का?

विधीवाचक

उत्तम प्रश्न. नाही होऊ शकत. २०(१) ला 'अमलात असलेला' कायदा लागतो, नुसता मंजूर झालेला नाही. एकाच १०६ कलमात दोन्ही टोकं दिसतात. (१) मागे जात नाही आणि (२) अजून सुरूच केलेलं नव्हतं.

यावरचा जुना निकाल १९५३ चा आहे, शिव बहादूर सिंह विरुद्ध विंध्य प्रदेश राज्य. विंध्य प्रदेशचे उद्योगमंत्री, पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीचं प्रकरण, आणि एप्रिल १९४९ मध्ये दिल्लीत लाच घेतल्याचा आरोप. लाच घेतल्यानंतर, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात एक वटहुकूम निघाला आणि तो ऑगस्ट १९४८ पासून अमलात होता असं मानायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कागदावर मागची तारीख घालून अमलात 'मानलेला' कायदा २०(१) ला चालत नाही. कृत्याच्या दिवशी तो खरोखर अमलात हवा. पण याच निकालात पुढे असंही निघालं की ते कृत्य तिथल्या आधीच्या कायद्यानेही गुन्हाच होतं, त्यामुळे मंत्रिमहोदय सुटले नाहीत. पहिली ओळ वाचून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा निकाल शेवटपर्यंत वाचावा.

शिक्षा वाढवण्याबद्दल त्याच वर्षीचा केदारनाथ विरुद्ध पश्चिम बंगाल. गुन्हा १९४७ चा, १९४९ च्या कायद्याने जास्तीचा दंड. कोर्टाने कैद आणि नेहमीचा दंड ठेवला, जास्तीचा तेवढा काढून टाकला. आडगावकरांच्या प्रश्नाचं उत्तर या निकालात सरळ आहे.

जुना_नाशिककर

या चर्चेत नाशिकचाच इतिहास आठवला. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. खटला नेहमीच्या कोर्टात चाललाच नाही. आदल्या वर्षीच्या, १९०८ च्या खास कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ बसलं, ज्युरी नाही. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथी कर्वे, देशपांडे, तिघांनाही फाशी. चार महिनेसुद्धा झाले नव्हते. तेव्हा २०(१) असतं तर काही फरक पडला असता का?

विधीवाचक

काका, २०(१) ने फरक पडला नसता. खून १८६० च्या संहितेपासून गुन्हा होता आणि शिक्षाही तीच. बदलली ती पद्धत. आणि २०(१) पद्धतीला हात लावत नाही. कोणत्या कोर्टात खटला चालावा, यात आरोपीचा पक्का हक्क नाही, हे शिव बहादूर सिंहमध्येच सांगितलं गेलं. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आर. आर. किशोर प्रकरणात तेच धरलं. सीबीआयने वरिष्ठ अधिकाऱ्यांची चौकशी करण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी, ही अट २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरली होती. ती २००३ पासूनच रद्द धरायची आणि २०(१) मध्ये येत नाही, कारण ती गुन्हा किंवा शिक्षा ठरवत नाही.

मला स्वतःला ही रेषा थोडी अस्वस्थ करते. ज्युरी काढून घेणं, अपील काढून घेणं, जामीन अवघड करणं, या सगळ्याला 'पद्धत' म्हणता येतं आणि आरोपीच्या आयुष्यात तिचा भार शिक्षेइतकाच असतो. तिथे आधार कलम २१ चा, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्य हिरावताना प्रक्रिया रास्त हवी याचा.

जुना_नाशिककर

२१ चा आधार म्हणता, पण माझे वडील आणीबाणीत मिसाखाली (खटल्याविना डांबण्याचा कायदा) नाशिकरोडच्या कारागृहात होते. आईने आम्हा भावंडांना कसं वाढवलं ते मी पाहिलंय. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर प्रकरणात सांगितलं की आणीबाणी असताना या हक्कासाठी दार ठोठावताच येत नाही. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी विरोध नोंदवला. आमच्या घरात ते नाव आजही आदराने घेतात.

लॉ_थर्ड_इयर

काका, म्हणूनच १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. बाकीचे मूलभूत हक्क करता येतात, हे दोन नाही. आणि जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पुट्टस्वामी निकालाने मोडीत काढला. एवढ्या कलमांतून नेमकी ही दोनच निवडली, याचा अर्थ पुढच्या संसदेला कळलं होतं की शेवटी माणसाजवळ काय उरायला हवं.

गोदामाई

हे माहीत नव्हतं. पण मला एक प्रश्न छळतो. निर्भयाच्या वेळचा तो सतरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांत सुटला. नवा कायदा त्याला का लागला नाही, म्हणून आम्ही बायका इथे मेणबत्त्या घेऊन उभ्या होतो. तेव्हाही २०(१) च आड आलं ना?

विधीवाचक

हो ताई. गुन्हा १६ डिसेंबर २०१२ चा. तेव्हा २००० चा बाल न्याय कायदा होता, त्यात विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवता येईल, हा कायदा जानेवारी २०१६ मध्ये लागू झाला. तो तोवर सुटलाही होता. त्याला परत आत टाकण्यासाठी कायदा मागे नेता आला असता, तर पुढे कुणासाठी नेता आला नसता ते सांगा.

गोदामाई

पटतं, पण पोटात गोळा येतोच.

सिन्नरी

मग कायदा सौम्य झाला तर? आरोपीला मागचा फायदा मिळतो की तिथेही जुनाच? नियम दोन्हीकडे सारखा हवा.

लॉ_थर्ड_इयर

सारखा नाही. फायदा मिळू शकतो. रतनलाल विरुद्ध पंजाब (१९६५): सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाली आणि नंतर त्याच्या जिल्ह्यात परिवीक्षा कायदा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा) लागू झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्याला लाभ द्या. टी. बराई (१९८३) मध्ये भेसळीच्या गुन्ह्याची शिक्षा नंतर कमी झाली, तर कमी केलेलीच लागू. घटना फक्त जाच वाढवून मागे जायला बंदी करते, दया मागे जाऊ शकते.

सिन्नरी

म्हणजे वाऱ्याची दिशा आरोपीकडेच. मला हे अजूनही मान्य नाही. सरकारकडे पोलीस, वकील, तुरुंग सगळं असतं हे कबूल, पण मेलेल्याकडे कोण असतं?

येवलेकर

विषय थोडा वळवतो. आमच्याकडे संक्रांतीला पतंग म्हणजे काय विचारू नका. नायलॉन मांजावर बंदी आहे हे सगळ्यांना माहीत, पण दरवर्षी 'यंदा सदोष मनुष्यवध लावणार', 'तडीपार करणार' अशी पत्रकं फिरतात. पोलीस अशी मोठी कलमं मनाला येईल तशी लावू शकतात का? मांजाने गळा चिरलेला मित्र मी पाहिलाय, त्यामुळे विकणाऱ्यांबद्दल मला तसूभरही दया नाही. तरी विचारतो.

विधीवाचक

मोठं कलम लावायला त्या कलमाचे सगळे घटक पुराव्यात हवेत. सदोष मनुष्यवधाला मृत्यू ओढवण्याची जाणीव सिद्ध करावी लागते, नुसती बंदी मोडली एवढं पुरत नाही. बंदीचा आदेश मोडण्याला वेगळं कलम आहे, आधी भादंवि १८८, आता न्याय संहिता २२३. तिथेही आदेश रीतसर जारी झालेला आणि आरोपीला त्याची माहिती असलेली हवी. शिक्षा वाढलीय: आदेशभंगामुळे माणसाच्या जिवाला धोका असेल तर पूर्वी सहा महिने किंवा हजार रुपये, आता एक वर्ष किंवा पाच हजार. २०२४ च्या संक्रांतीचा गुन्हा असेल तर जुनी शिक्षा, २०२५ च्या संक्रांतीचा असेल तर नवी.

तडीपारीचं वेगळं आहे. ती आणि एमपीडीएखालची (धोकादायक कारवाया रोखण्याचा राज्याचा कायदा) स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नाही, प्रतिबंध, असं कायदा मानतो. त्यामुळे २०(१) तिथे पोचत नाही. मला ही मोठी पोकळी वाटते. गुन्हा सिद्ध न करता एक वर्षापर्यंत आत ठेवता येतं आणि आपण सगळे 'गुंड होता, बरं झालं' म्हणून पान उलटतो.

निवृत्त_हवालदार

वकीलसाहेब, इथे सहमत नाही. साक्षीदार फुटतात, दुकानदार घाबरून बोलत नाहीत. काही मंडळींना तडीपार केल्यावरच गल्ली शांत झोपलेली मी पाहिलीय. पुस्तकातलं खरं, पण रात्रपाळीला आम्ही असायचो.

विधीवाचक

तुमचा अनुभव नाकारत नाही. म्हणून तर तडीपारीचा आदेश कारणांसह हवा, आधी नोटीस हवी, आणि अपील हवं. ते नीट पाळलेले आदेश कोर्टात टिकतात.

लॉ_थर्ड_इयर

येवलेकरांच्या प्रश्नाला जोडून. कायदा आधीचा असून भागत नाही, तो कळणाराही हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात रद्द झालं. 'फार आक्षेपार्ह' म्हणजे काय हे ना लिहिणाऱ्याला कळत होतं, ना ठाण्यातल्या अधिकाऱ्याला. त्यानंतरही त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. नसलेल्या कायद्याखाली अटक, म्हणजे २०(१) चा याहून उघड भंग कोणता?

आणि नव्या संहितेचं ११२ वाचा, किरकोळ संघटित गुन्हेगारी. चोरी, हिसकावणं, फसवणूक, तिकिटांचा काळाबाजार, जुगार, प्रश्नपत्रिका विकणं 'किंवा तत्सम इतर गुन्हेगारी कृत्य'. एक ते सात वर्षं शिक्षा. या 'तत्सम'मध्ये काय बसतं हे आधी कुणी सांगू शकेल का? मला हे कलम टिकू नये असं मनापासून वाटतं.

निवृत्त_हवालदार

'तत्सम' असल्याशिवाय चोर रोज नवी युक्ती काढतो त्याला काय करायचं? सोनसाखळी हिसकावण्याला वेगळं कलम आत्ता ३०४ आलं. त्याआधी आम्ही जबरी चोरीचं ३९२ लावायचो, आणि ते चालायचं.

लॉ_थर्ड_इयर

चालायचं, कारण ३९२ मध्ये काय सिद्ध करायचं ते लिहिलेलं होतं. माझं म्हणणं तेवढंच आहे.

द्राक्षबाग

धागा वाचनखुणांत साठवला. आडगावकर, पुढे काय झालं? आणि नुकसानभरपाईचं बघितलं का? तिथे हे २० वगैरे आड येत नाही ना?

आडगावकर

सगळ्यांचे आभार. भावाला सगळा धागा वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकत होता. केदारनाथचा निकाल ऐकल्यावर म्हणाला, म्हणजे वकिलांनी टाळलं नाही, खरंच तसं आहे. एवढं कळलं तरी त्याच्या डोक्यातला एक काटा निघाला. माझ्या मनात सिन्नरींचा प्रश्न अजून तसाच आहे.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात मुदतीत टाकलाय. आता दोन प्रश्न. ३०४ अ सोडून जुन्याच कायद्यात जास्त शिक्षेचं काही आहे का? आणि खटल्यात आम्हाला काही बोलता येतं की फक्त बाकावर बसायचं?

विधीवाचक

द्राक्षबाग, भरपाई ही शिक्षा नाही, त्यामुळे २०(१) तिथे येत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी अशी वेळ आली तर लक्षात ठेवा, २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

आडगावकर दादा, जुन्या कायद्यात भादंवि ३०४ चा (सदोष मनुष्यवध) दुसरा भाग आहे, दहा वर्षांपर्यंत. अॅलिस्टर परेरा प्रकरणात (मुंबईतला २००६ चा अपघात, सात मजूर गेले) सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याखालची शिक्षा कायम ठेवली. हा कायदा २८ जूनला अमलात होता, म्हणून घटनेची अडचण नाही. पण तिथे दारू पिऊन, धोका माहीत असून गाडी चालवल्याचा पुरावा होता. तुमच्या दोषारोपपत्रात वैद्यकीय तपासणीत काय आलंय?

आडगावकर

दारू नव्हती. पुरवणी जबाबात एवढंच आहे की तो आदल्या रात्रीपासून भाजीच्या फेऱ्या मारत होता आणि डुलकी लागली.

विधीवाचक

मग ३०४ भाग दोन टिकणं अवघड, खोटी आशा देत नाही. पण तो जबाब महत्त्वाचा आहे. दोन वर्षं ही वरची मर्यादा आहे, कोर्टं पुष्कळदा त्याच्या बरंच खाली थांबतात. रात्रभर न झोपता गाडी चालवली हे नीट पुराव्यात आलं तर ३०४ अ मधल्या शिक्षेच्या वरच्या टोकाला जाण्याचं कारण मिळतं. आणि गाडीमालक त्याला फेऱ्या मारायला लावत होता का, हे भरपाईच्या दाव्यात उपयोगी पडेल.

तुमचा हक्क: फिर्यादी पक्षाला स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलांना साहाय्य करता येतं, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवादही देता येतो. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला तर २००९ पासून पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येतं. फक्त शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र नाही, ते सरकारने करावं लागतं. पुढच्या तारखेआधी त्या पुरवणी जबाबाची नक्कल काढून ठेवा.

सिन्नरी

दादा, कोर्टात सोबत कुणी हवं असेल तर सांगा. मंगळवारी-बुधवारी मी सीबीएसला, कोर्टाजवळच्या बसस्टँडला, असतोच.

आडगावकर

नक्की सांगतो. नकलेचा अर्ज उद्याच टाकतोय.